दिल्लीची पांढर

दिल्लीत संग्रहालयांना तोटा नाही, पण बहुतेकांच्या नावाआधी ‘राष्ट्रीय’ लागतं. जनपथावर राष्ट्रीय संग्रहालय, चाणक्यपुरीत राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय, इंडिया गेटशेजारी जयपूर हाऊसमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. मंडी हाऊसजवळचं निसर्ग-इतिहास संग्रहालय २०१६ च्या एप्रिलमध्ये आगीत जळून गेलं, तेही राष्ट्रीयच होतं. देशाचं सगळं काही इथे आहे. दिल्ली नावाच्या गावाचं कुठे आहे, असं कुणी विचारलं की मात्र उत्तर द्यायला वेळ लागतो. मुंबईला भायखळ्यात भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. त्या शहरातल्या नाना जातीजमातींची माणसं कशी दिसत, काय नेसत, हे तिथल्या मातीच्या बाहुल्या सांगतात. पुण्यात दिनकर केळकरांनी जन्मभर अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे गोळा केले आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने ते सगळं लोकांपुढे मांडलं. दिल्लीत वस्तू जमवण्याचं काम सरकारने केलं, आणि सरकारच्या नजरेला देश आधी दिसतो, गल्ली नंतर.

मी लग्न होऊन दिल्लीत आले ती सरकारी क्वार्टरमध्ये. आता नोएडात राहते. दिल्लीतल्या मराठी घराला वर्षभर पाहुणे असतात: कुणाचा मुलगा यूपीएससीला बसलेला, कुणाचं मंत्रालयात काम अडकलेलं, कुणी वैष्णोदेवीहून परतताना दोन दिवस टेकलेलं. प्रत्येकाची यादी ठरलेली. लाल किल्ला, कुतुबमिनार, राष्ट्रपती भवन, अक्षरधाम आणि सरोजिनी नगरची खरेदी. मी त्या यादीत आपला एक मुक्काम घुसडते. त्याबद्दल घरात थट्टा होते, पण त्याला माझा इलाज नाही.

लाल किल्ल्यात एक गंमत हमखास घडते. दिवाण-ए-खासपाशी आलं की पाहुण्यांच्या माना छताकडे वळतात. आज दिसतं ते रंगवलेलं लाकडी छत १९११ च्या दरबाराच्या सुमाराचं आहे. शाहजहानने इथे चांदीचं छत केलं होतं. ते १७६० मध्ये कुणी उतरवलं, तर सदाशिवरावभाऊंनी. पानिपताकडे निघालेली फौज, लांबलेला पगार, उत्तरेतून येईना तो पैसा; भाऊंनी चांदी काढून नाणी पाडली. सूरजमल जाटाने तेव्हा विरोध केला होता, असं सांगितलं जातं. हे ऐकल्यावर मराठी पाहुणे जरा गप्प होतात आणि मग कुणीतरी हमखास म्हणतं, “पण गरज होती हो.” जिथे नसलेली वस्तू आपल्याशी बोलते अशी जागा दाखवायची तर मी तीच दाखवीन.

माझ्या घराजवळच तशी आणखी एक जागा आहे. नोएडाच्या सेक्टर ३८ मधल्या गोल्फ कोर्सच्या हिरवळीत एक स्मृतिस्तंभ उभा आहे. ११ सप्टेंबर १८०३ ला यमुनेच्या या काठावर, पटपडगंजच्या लढाईत, जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. त्या फौजेचा सेनापती बुर्कें नावाचा फ्रेंच होता. त्या दिवसानंतर दिल्ली इंग्रजांच्या हातात गेली ती १९४७ पर्यंत. मधले १८५७ चे चार महिने तेवढे वेगळे. स्तंभ १९१६ मध्ये जिंकणाऱ्यांनी उभारला. त्याच्या आसपास आता गोल्फचे चेंडू पडतात, आणि आत जायचं तर ओळखीचा सदस्य लागतो.

तर माझा मुक्काम म्हणजे पुराना किल्ला. नोएडाहून ब्लू लाइन मेट्रो थेट जाते; प्रगती मैदानाच्या स्टेशनला आता ‘सुप्रीम कोर्ट’ म्हणतात, तिथे उतरायचं. बहुतेक लोक या परिसरात येतात ते शेजारच्या प्राणिसंग्रहालयासाठी. बडा दरवाज्यातून आत आलं की उजव्या हाताला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं लहानसं संग्रहालय आहे. फार कुणी वळत नाही. समोर शेरशाहची मशीद, पलीकडे अष्टकोनी शेरमंडल. १५५६ च्या जानेवारीत हुमायून तिथल्या जिन्यावरून पडला आणि त्यातच गेला. गाईडला एवढी गोष्ट पुरते.

यंदा धाकटे दीर आले होते. नेवाशाच्या बाजूला त्यांची शेती आहे, प्रवरेच्या काठाला. मला भीती होती की भावजी कंटाळतील. संग्रहालयात कोहिनूर नाही, तलवार नाही, सिंहासन नाही; काचेमागे खापराचे तुकडे, मातीची खेळणी, मणी, नाणी. भावजींनी चष्मा चढवला, वाकून पाहिलं आणि म्हणाले, “वहिनी, हे तर आमच्या पांढरीत नांगराला लागतं.”

बरोबरच होतं. नेवाशाला १९५४ पासून डॉ. हसमुख सांकलियांनी उत्खनन केलं, तेव्हा तिथलीही अशीच पांढर उकरली होती. गाव एकाच जागी शेकडो वर्षं नांदलं की चुलीची राख, शेण, पडक्या भिंतींची माती, फुटकी मडकी यांचा ढीग साठत जातो. माती राखाडी, भुसभुशीत होते. आपल्याकडे शेतकरी ती गाड्या भरभरून नेऊन रानात टाकत, खत म्हणून. पुराना किल्ला ही दिल्लीची पांढर आहे. हुमायून आणि शेरशाहने तटबंदी बांधली ती कोऱ्या जमिनीवर नाही, आधीच्या दोन हजार वर्षांच्या वस्तीच्या टेकाडावर.

ते टेकाड पहिल्यांदा उघडलं बी. बी. लाल यांनी, १९५४-५५ मध्ये. त्याआधी त्यांनी मेरठजवळ हस्तिनापूर खणलं होतं. तिथे राखाडी रंगाची, पातळ, वर काळ्या रेषा काढलेली भांडी मिळाली होती. पुरातत्त्ववाले त्यांना ‘चित्रित राखाडी भांडी’ म्हणतात आणि त्यांचा काळ इसवी सनापूर्वी साधारण १२०० ते ६०० धरतात. महाभारतातली बरीच गावं खणली की हीच भांडी निघतात, असं लालांचं निरीक्षण होतं. पुराना किल्ल्यातही तुकडे मिळाले, पण वरच्या थरांतल्या मातीत मिसळलेले. त्या काळाचा स्वतःचा, न हललेला थर हाती लागला नाही. १९६९ ते १९७३ मध्ये पुन्हा खोदकाम झालं. गेल्या दहा-बारा वर्षांत वसंत स्वर्णकार यांच्या देखरेखीखाली पुन्हा चर घेतले गेले, आणि २०२३ मध्ये जी-२० ची धामधूम होती तेव्हा या खड्ड्यांची बातमी घरोघरी पोचली.

पाहुण्यांचा पहिला प्रश्न अर्थातच, “म्हणजे पांडवांचं इंद्रप्रस्थ हेच ना?” माझं उत्तर ठरलेलं आहे: इथे माणसं राहत होती, हे खापर सांगतं; त्यांची आडनावं सांगत नाही. काहींना ते आवडत नाही. पण मला स्वतःला पांडवांपेक्षा, त्या राखाडी वाडग्यात काय वाढलं असेल, याची जास्त उत्सुकता असते.

संग्रहालय नीट पाहायचं तर आधी थर कसे वाचतात ते कळलं पाहिजे. चर सरळ उभा कापतात. कापलेल्या भिंतीत मातीचे पट्टे दिसतात. कुठे राखेचा काळपट, कुठे विटांच्या चुऱ्याचा लालसर, कुठे पुराच्या गाळाचा. खालचा पट्टा जुना, वरचा नवा. प्रत्येक पट्ट्यातलं खापर वेगळ्या पिशवीत भरून त्यावर नोंद करतात. एखादा तुकडा नुसता सुंदर असून भागत नाही. तो कुठल्या पट्ट्यातून आला हे माहीत नसेल तर त्याचं अर्धं मोल गेलं. बाजारात विकायला येणाऱ्या जुन्या मूर्तींचं दुखणं हेच असतं. या किल्ल्यातच चोरांकडून जप्त केलेल्या आणि परदेशातून परत आलेल्या मूर्तींचं एक दालन २०१९ मध्ये सुरू झालं. मूर्ती देखण्या आहेत, गर्दीही तिकडे होते. पण कितीतरी मूर्ती कुठल्या देवळातल्या, कुठल्या गावच्या, याचा धागा चोरीतच तुटलेला असतो. शेजारच्या खोलीतली खापरं त्या मानाने भाग्यवान. त्यांना पत्ता आहे.

सगळ्यात खालच्या थरांतल्या तुकड्यांत एक जात अशी आहे की ती पाहून कुणालाही वाटावं, हे मातीचं नव्हेच. काळी, आरशासारखी झिलई असलेली, बोटाने टिचकी मारली तर धातूसारखी वाजेल अशी. मौर्यकाळात आणि त्याच्या आधीपासून गंगेच्या खोऱ्यात ही काळी झिलईची भांडी बनत. माती अतिशय बारीक गाळून घ्यायची, भांडं घडवून घोटायचं आणि भट्टीत शेवटी हवा कोंडून भाजायचं. ही ताटं-वाडगी घरातल्या रोजच्या वापराची नसावीत. फुटलेली काही ठिकाणी तांब्याच्या तारेने शिवलेली सापडली आहेत. एवढा जीव कुणी साध्या मडक्यावर टाकत नाही.

त्याच काळातल्या मातीच्या कड्या आहेत. हातभर रुंदीची गोल कडी, एकावर एक रचून जमिनीत उभी पुरायची. भावजी तिथे बराच वेळ थांबले. विहीर म्हणावी तर तोंड फार लहान. “हा शोषखड्डा आहे,” त्यांनी निकाल दिला. “आमच्या गावात योजनेत असेच केलेत, फक्त सिमेंटचे.” अभ्यासकांतही यावर दोन तट आहेत, काही कड्या पाण्याच्या, काही सांडपाण्याच्या. आपल्या गावातलं सांडपाणी रस्त्यावर येतं यावर दोन हजार वर्षांपूर्वीही कुणीतरी ग्रामसभेत भांडलं असेल, असं म्हणून भावजी खूश झाले.

वर सरकत गेलं की घरं विटांची होतात, ठसे मारलेली भांडी येतात, आणि नाणी बोलू लागतात. मला त्यात यौधेयांची तांब्याची नाणी फार आवडतात. हे लढवय्यांचं गणराज्य होतं, राजा नसलेलं. नाण्यावर कार्तिकेय, आणि यौधेय गणाचा जयजयकार. आजच्या एनसीआरमधल्या रोहतकला, खोकराकोटच्या टेकाडावर, यौधेयांची नाणी पाडायचे मातीचे साचे सापडले. शोधणारे होते बिरबल साहनी, ज्यांचं खरं काम जीवाश्म वनस्पतींवर. १९३६ मध्ये ते तिथे गेले, साचे दिसले आणि वनस्पती बाजूला ठेवून त्यांनी नाण्यांच्या टांकसाळीवर ग्रंथच लिहिला. पुढच्या, राजपूतकाळाच्या थरांत घोडेस्वार आणि नंदीची नाणी येतात. त्यांना तेव्हाच्या बाजारात ‘दिल्लीवाल’ म्हणत. म्हणजे हे शहर राजधानी म्हणून गाजण्याआधी नाण्याला आपलं नाव देऊन बसलं होतं.

सगळ्यात वर मुघल. इथे काचेची बाटली आहे, झिलईची रंगीत भांडी आहेत आणि चिनी मातीचे पांढरे-निळे तुकडे. एका तुकड्यावर चिनी अक्षरांत लिहिलंय की हे महान मिंग घराण्याच्या छेंगह्वा राजवटीत तयार झालं. ती राजवट १४६५ ते १४८७. पण सापडलं ते मुघल थरात. एक तर कुणाच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं भांडं असणार, नाहीतर नंतरच्या कारागिराने किंमत वाढवायला जुन्या राजवटीचा शिक्का मारलेला असणार. चीनमध्ये हा उद्योग सर्रास चाले. करोल बागेत खोट्या कंपनीचे बूट विकणाऱ्यांनी लाजायचं काही कारण नाही.

गावाचा इतिहास म्हणजे काय, हे दाखवणारी आणखी एक वस्तू दिल्लीत आहे. पालम म्हटलं की आपल्याला विमानतळ आठवतो. त्या पालम गावातल्या एका बावडीवर १२७६ सालचा संस्कृत शिलालेख होता. लाल किल्ल्यातल्या मुमताज महालाच्या जुन्या संग्रहालयात तो ठेवलेला होता. उद्धर नावाच्या ठक्कुराने ही बावडी बांधली. मूळचा तो मुलतानकडच्या उच्चचा. आता गंमत बघा. लेख संस्कृतात, आरंभी देवांना नमन, मग दिल्लीवर कोणी कोणी राज्य केलं त्याची यादी: तोमर, चौहान आणि नंतर ‘शक’ राजे, म्हणजे सुलतान, शेवटी तेव्हाचा सुलतान बल्बन, त्याची भरघोस स्तुती. नंतर उद्धराची वंशावळ. सुलतानाचं राज्य असताना एक हिंदू व्यापारी पांथस्थांसाठी पाण्याची सोय करतो, संस्कृतात सुलतानाचं कौतुक कोरून ठेवतो आणि आपल्या घरच्यांची नावं विसरत नाही. शाळेच्या पुस्तकातल्या सुलतानशाहीच्या धड्यात या माणसाला जागा सापडत नाही.

पैसा ओतला की संग्रहालय कसं होतं, तेही पुराना किल्ल्याच्याच परिसरात पाहायला मिळतं. हुमायूनच्या मकबऱ्याशेजारी आगाखान ट्रस्टने जमिनीखाली, बावडीसारखं उतरत जाणारं नवं संग्रहालय बांधलं. जुलै २०२४ मध्ये ते उघडलं. गारवा, मंद दिवे, सगळं झकपक. तिथे मला एकच वस्तू मनापासून आवडते: मकबऱ्याच्या घुमटावरचा मूळ कळस. ३० मे २०१४ च्या वादळात तो खाली कोसळला. खाली आल्यावर पहिल्यांदा कळलं की तो अठरा फुटांचा आहे आणि आत लाकडी खांब असून त्यावर तांब्याची भांडी एकावर एक ओवलेली आहेत, घरातल्या हंडे-कळश्यांच्या उतरंडीसारखी. घुमटावर आता सोन्याचा मुलामा दिलेला नवा कळस आहे. जुना खाली माणसांच्या उंचीवर आला, म्हणून कुठे पोचे आलेत तेही जवळून पाहता येतं.

पण पुराना किल्ल्याच्या सर्वांत वरच्या थराबद्दल मला जास्त सांगायचंय, कारण तो काचेच्या कपाटात मावणारा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या तटबंदीच्या आत चक्क एक गाव होतं, इंदरपत. घरं, गुरं, शेणी, सगळं. नवी दिल्ली बांधायला घेतली आणि १९१३ च्या सुमारास गाव उठवलं. पुढे १९४२ मध्ये इंग्रजांनी मलाया-सिंगापूरकडून पकडून आणलेल्या जपानी नागरिकांना, बायकापोरांसकट, इथल्या तंबूंत डांबलं आणि नंतर राजस्थानातल्या देवळीला हलवलं. १९४७ च्या मार्चमध्ये याच मोकळ्या जागेत एशियन रिलेशन्स कॉन्फरन्स भरली. आशियातल्या देशोदेशीचे प्रतिनिधी, गांधीजी, नेहरू, सरोजिनी नायडू. त्याच वर्षी सप्टेंबरात, त्याच जागेत, दिल्लीतले हजारो मुसलमान जिवाच्या भीतीने येऊन राहिले आणि पाकिस्तानच्या गाडीची वाट पाहू लागले. ते गेले, आणि पलीकडून आलेले हिंदू-शीख निर्वासित त्याच तटाच्या आडोशाला राहिले. अनीस किदवाई यांनी त्या छावण्यांत काम केलं आणि नंतर त्यावर लिहिलं.

त्या वर्षातल्या वस्तू पाहायच्या तर काश्मिरी गेटला जावं लागतं. दारा शिकोहच्या ग्रंथालयाच्या इमारतीत २०२३ मध्ये फाळणी संग्रहालय सुरू झालं. लोकांनी घरातून आणून दिलेल्या चीजा तिथे आहेत. ती इमारतच आधी बघावी: समोरून गोऱ्या साहेबाचे उंच खांब, कारण १८०३ नंतर इंग्रज रेसिडेंट ऑक्टरलोनी इथे राहिला, आणि मागे गेलं की लाल दगडाचे मुघल खांब. एकाच घराच्या दोन बाजू दोन शतकांच्या आहेत.

हे सगळं भावजींना मी शेरमंडलाच्या पायरीवर बसून सांगत होते. जपानी कैद्यांचं त्यांनी ऐकलं, नेहरूंच्या परिषदेचं ऐकलं. मग मध्येच हात करून म्हणाले, “थांबा वहिनी. ते इंदरपत. गाव उठवलं म्हणता. एकरी किती दिले?”

नवी दिल्लीसाठी १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली जमिनी घेतल्या गेल्या. रायसीना, मालचा अशी गावं त्यात गेली. मालचातली माणसं उठून सोनिपतकडे गेली, आणि तिथे हरसाना मालचा नावाचं गाव आजही आहे. इंदरपतच्या एकरी दराचा आकडा मला सांगता येईना. भावजींनी मान डोलावली. त्यांची दोन एकर जमीन रस्ता रुंदीकरणात गेली आहे, आणि तो दावा अजून चालू आहे. मग ते उठले आणि पुन्हा संग्रहालयाकडे निघाले. इंदरपतचं एखादं कपाट कुठे आहे का, ते त्यांना बघायचं होतं.